कोणतं गेज लावायचं

भोसरीहून घरी येताना
नाशिक फाट्याच्या पुलावर मी हेल्मेटच्या आत बोलते.
"सर, या वेळची बढती माझी आहे."
काचेवर वाफ धरते, वाक्य त्यातच विरतं.
सिग्नलला शेजारी उभ्या माणसाला वाटतं
बाई ब्लूटूथवर आहे.
ब्लूटूथनं माझ्यासारख्यांची मोठी सोय केली.

पर्समध्ये तीन नावं घेऊन फिरतेय दिवाळीपासून.
बाणेरचे अभिजात रणनवरे, कोच. भाचीनं दिलेलं कार्ड,
जाड, गुळगुळीत, लग्नपत्रिकेसारखं.
गोडांबे बाई, आमच्याच प्लांटमधल्या,
निवृत्त होऊन चिंचवडला तगरीची कलमं करतात.
आणि औषधाच्या चिठ्ठीमागे, माझ्याच अक्षरात,
फरीदा शिकलगार, समुपदेशक,
कर्वे रोड, पाइप-फिटिंगच्या दुकानावर दुसरा मजला.
हे तिसरं कुणाला दाखवलं नाही.
नवरा विचारेल, "तुला काय झालंय?"
आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

एकोणीस वर्षं मी गुणवत्ता तपासते.
शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगते:
भोकाचा व्यास पट्टीनं बघायचा नाही.
आधी ठरव काय मोजायचंय,
मग गेजचं कपाट उघड.
स्वतःच्या बाबतीत मात्र
कपाट सताड उघडून तीन महिने नुसती बघत बसलेली.

गोडांबे बाईंनी चहा दिला, आलं जास्त.
"साहेबांशी अकराच्या आत बोल. आकडे घेऊन जा.
गळा दाटला तर पाणी माग, सॉरी म्हणू नकोस."
सगळं लिहून घेतलं. सगळं खरं होतं.
येताना तगरीचं एक कलम दिलं पिशवीत,
ते जगलंय.

बाणेरला पांढरा फळा, हिरवा मार्कर.
"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"
"तिथंच. टेबलाशी. तेच भोक चौथ्यांदा मोजताना."
तो हसला. मग थांबला.
"चौथ्यांदा?"

मग निघालंच तोंडून.
मागच्या मार्चची बॅच, माझी सही,
अकराशे नग परत.
कुणी मेलं नाही, कुणी ओरडलंही नाही,
"होतं हो, मॅडम" म्हणाले सगळे.
तेव्हापासून तीनदा, चारदा.
गॅसचं बटण. दाराची कडी, जिन्याच्या वळणावरून परत येऊन.
रात्री मुलाचा श्वास, नाकाखाली बोट धरून.
मुलगा सतरा वर्षांचा आहे.

त्यानं मार्करला टोपण लावलं.
"ताई, हे माझ्या कामाचं नाही.
मी तुम्हाला पळायला लावीन, आणि तुमचा पाय दुखतोय.
बढतीचं नंतर बघू."
असेल एकतीसचा. याच्यावर घरी जाऊन हसायचं,
असं मी ठरवूनच आले होते.

कर्वे रोडच्या त्या जिन्याशी पाटी:
गाडी येथे लावू नये. सांगून झालेले आहे.
म्हणून पहिली वीस मिनिटं
मी शिकलगार बाईंशी पार्किंगवरच बोलले.
त्यांनी ऐकून घेतलं, जणू त्यासाठीच खुर्च्या मांडल्या होत्या.
मग विचारलं, "झोप?"

हेल्मेट मांडीवर होतं.
मी खाली मान घालून त्याच्याशीच बोलत राहिले,
रोजच्या सवयीनं.
फरक इतकाच की काच वर होती
आणि समोर कुणीतरी होतं, घाईत नसलेलं.

खाली उतरले. गाडीचं लॉक तपासलं.
दोनदाच, असं लिहायचं होतं मला इथं.
तिसऱ्यांदाही हात गेला.
पुढची वेळ गुरुवारी, साडेसहाची.
गाडी जरा लांब लावीन.