अडीच वीत

मुफद्दलने काउंटरच्या काचेवर तीन अँटेना मांडले.
म्हणाला, हा घ्या, माशाच्या कल्ल्यासारखा,
सगळ्या नव्या गाड्यांवर हाच.
म्हटलं, तो गाणी ऐकायला. मला माणूस ऐकायचाय.

दुसरा पोलीसगाडीचा, लांबलचक, पोटात वेटोळं.
याचा जोर जास्त, म्हणाला. असेल.
पण दुगावच्या रस्त्यावर चिंचा इतक्या वाकल्यात
की पहिल्याच फेरीत हा फांदीत अडकायचा,
आणि त्याचा जोर सगळा आडवा, क्षितिजाकडे.
तेजल क्षितिजावर नसते.
ती असते तिरपी, वर, टोपलीत, वारा नेईल तिकडे.

तिसरा हौशी रेडिओवाल्यांचा. दिसायला हवा तसाच.
खिशातून शिंप्याची टेप काढली: एकोणपन्नास सेंटीमीटर.
विमानाच्या बोलीला चार बोटं अपुरा.
काडी कापून तोकडी करता येते, ओढून लांब नाही.
"चार बोटांनी काय होतंय, साहेब?"
ऐकायला काही नाही. बोलायला लागलं
की न मावलेला आवाज केबलमधून माघारी येतो
आणि हातातला रेडिओ तापतो,
अपमान गिळलेल्या माणसासारखा.

गेल्या मार्गशीर्षात रामशेजच्या मागे ती तुटली.
रेडिओ माझ्या मांडीवर, रबरी शेपूट वर करून,
आणि आम्ही दोघं लोखंडी डब्यात बंद.
एक हात स्टिअरिंगवर, एक खिडकीबाहेर.
आलं ते एवढंच: काका... तारा... डावीकडे...
कुणाच्या डावीकडे?
विजेच्या तारा, की द्राक्षमांडवाच्या?
चाळीस मिनिटांनी सापडली, कांद्याच्या वाफ्याशेजारी,
फुगा बांधावर लोळत पडलेला,
आणि ती एका मेंढपाळाच्या भाकरीतली अर्धी खात.
मलाच म्हणाली, काका, तुम्ही कुठे हरवलात?

ओझरच्या कारखान्यात तेहतीस वर्षं मी रेडिओ तपासले.
बाकावर अँटेना नसतो. त्याच्या जागी एक रोधक,
सगळी शक्ती मुकाट गिळणारा, जरासा कोमट होणारा.
वन, टू, थ्री म्हणायचं, काटा बघायचा, वहीत सही.
तेहतीस वर्षं बोललो मी,
कुणाला ऐकू जाणार नाही याची नीट व्यवस्था करून.

"अजून काही आहे?"
मुफद्दल माळ्यावर चढला, शिंकत उतरला.
एक साधी स्टीलची काडी, खाली वाटीएवढं चुंबक,
अंगाभोवती गुंडाळलेली केबल.
या वेळी टेप नाही लावली. हात लावला.
एक वीत. दोन. अर्धी.
पिशवी नको म्हटलं.

बोलेरोचा टप आधी फडक्याने पुसला,
चुंबकाखाली खडा राहिला तर रंग ओरबाडतो.
काठावर नको, कॅरिअरला खेटून नको,
मधोमध. त्याला चहूकडे पत्र्याचं अंगण लागतं.
तिचा उभा, तर माझाही उभा.
केबल दाराच्या रबराखालून, चिमटू न देता.
गॅलरीतून ही म्हणाली,
आता गाडीला शेंडी ठेवलीत?

काल पहाटे गंगापूरच्या पाण्यावरून ती उठली
आणि गिरणाऱ्याच्या अलीकडेच धुक्याआड गेली.
बटण दाबलं. सवयीने तोंडात आलं:
वन, टू
आणि थांबलो.
"तेजल, फाट्यावर आहे. टोमॅटोच्या गाड्यांत अडकलोय."

आधी बर्नरचा एक लांब भपकारा.
मग आवाज, इतका जवळून
की मी वळून मागची सीट पाहिली.

"दिसताय, काका. पांढरा टप.
सगळ्यात हळू चाललेली तुमचीच."