सात वेढे

फैजपूरच्या रस्त्याला माझं दुकान, मोटर रिवायंडिंगचं.
केळीच्या बागांतल्या बोअरमधून वर काढलेल्या
जळक्या सबमर्सिबल दारात आडव्या पडतात
आणि मी नुसत्या वासावरून सांगतो
वार्निश गेलं, की बेअरिंग.

तिथे एप्रिलात आली भाग्यश्री झांबरे,
जळगावच्या कॉलेजातली, एसटीने, तोंडाला ओढणी बांधून.
म्हणाली, तडवीकाका, एक कॉइल पाहिजे.
तांब्याच्या नळीची. आतून पाणी वाहील अशी.
म्हटलं, कोणत्या पंपाची?
म्हणाली, पंपाची नाही. गाठीची.

पर्समधून तिने बाटली काढली, इंजेक्शनची असते तेवढी.
आत काळं पाणी, काजळ कालवल्यासारखं.
लोखंडाचा गंजच म्हणा, म्हणाली,
पण इतका बारीक की तळाशी बसायचं विसरला.
मी जुन्या स्पीकरचा मॅग्नेट बाजूला धरला,
सगळं काळं काचेवर धावून आलं:
रात्री दोनला थ्री-फेज येते
आणि अख्खं शिवार स्टार्टरकडे पळतं, तसं.

हे गाठीत सोडायचं. बाहेरून कॉइल.
करंट सेकंदाला तीन लाख वेळा उलटसुलट,
आणि प्रत्येक कण तोंड फिरवत राहणार
इकडे, तिकडे, इकडे,
तापेपर्यंत.
किती तापेल?
त्रेचाळीस.

मला हसू आवरेना.
बाहेर शेहेचाळीस होतं.
कुत्रं माझ्या वॉशिंग टाकीखाली जीभ काढून पडलेलं.
"त्रेचाळीसनं काय मरतं पोरी? आम्ही त्यात लग्नं लावतो."

तीही हसली. मग म्हणाली,
आपल्याला घाम येतो, काका.
रक्त ताप उचलतं, अंगभर वाटून टाकतं.
गाठीच्या नसा वेड्यावाकड्या, घाईत ओढलेल्या वायरिंगसारख्या.
ताप आत शिरला की त्याला बाहेरची वाट नाही.

हे मात्र मला कुणी समजवायची गरज नव्हती.
नुसत्या करंटने मोटर जळत नाही,
ताप बाहेर पडत नाही म्हणून जळते.
चौतीस वर्षं त्या तापाशी माझं वैर
आणि ही पोरगी त्यालाच कामाला लावायला आलेली.

हुसेनचं मी तिला सांगितलं नाही.
माझा धाकटा. गालातली गाठ.
शेक घेऊन घेऊन गळ्यापर्यंत काळा पडलेला.
मे महिन्यात माठाला गाल लावून बसायचा,
"भाऊ, अजून थोडं पानी टाक ना."

पहिली नळी वाकवताना चेपली.
दुसरी सांध्यातून गळली.
तिसरी तिने गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून नेली.

जुलैत फोन आला: बशीतल्या पेशी निम्म्याहून जास्त गेल्या.
आता उंदीर. मग परवानग्या.
आणि माणूस?
"माहीत नाही, काका. मी रिटायर होईन तोवर, कदाचित."
तिच्यामागे पंखा करकरत होता.
म्हटलं, तो पंखा पाठवून दे, बुश गेलंय त्याचं.

बिल तेवढं परत आलं.
मी लिहिलं होतं: कॉइल, नग एक, वेढे सात,
आणि रकमेचा रकाना कोरा.
रक्कम नसली तर पास होत नाही म्हणे.
मग तांब्याचा भाव लिहिला, रुपये-पैशांत.
मजुरीपुढे एक आडवी रेघ ओढली,
तोडलेल्या वायरीच्या टोकाला टेप लावतो
तेवढीच लांब.