ए आणि ई

माझगावच्या ऑफिसात फिलोमिना परेरा
अहवाल तपासते लाल पेन्सिलीनं,
चष्मा कपाळावर, वाचताना ओठ हलतात.
या वेळी तिनं रेघ मारली नाही,
एका अक्षराभोवती गोल केला.

मी घाईत लिहिलं होतं, इंग्रजीत:
पाइपलाइनलगतची दोनशे बारा कुटुंबं आता आहेत
बेटर ऑफ देन बिफोर.

"इथे ए हवा, तू ई टाकलास.
दॅन म्हणजे पेक्षा.
देन म्हणजे मग, तेव्हा.
तू तुलना करतोयस, की गोष्ट सांगतोयस?"

आपल्याकडे ही पंचाईत नाही.
बरं हे बरंच राहतं,
त्याला वर चढावं लागत नाही.
ओझं सगळं पेक्षावर,
आणि तो शब्दयोगी,
कुणाच्या तरी पाठीला चिकटलेला.

मानखुर्दला लिफ्ट बंद होती.
सातव्या माळ्यावर द्रौपदा इंगोले लसूण सोलत बसलेली.
माझ्या फॉर्मवर दोन रकाने, पूर्वी आणि आता.
नळ? घरात.
संडास? घरातच, कडीसकट.
पूर्वी? पाइपाच्या जोडातून ठिबकायचं,
रात्रभर हंडा लावून ठेवायचो.
काम? चेंबूरला तीन घरची भांडी होती.
आता एकच. बाकीच्या दोघींना
साडेसहाला बाई लागते.

"म्हणजे आता बरं आहे ना?"
मी विचारलं. उत्तर आधीच
पेनाच्या टोकाशी येऊन थांबलेलं.
"बरंय," ती म्हणाली.
कशापेक्षा, ते मी विचारलं नाही.
रकान्यात टिक केली.

जिन्यापर्यंत सोडायला आली.
आधी दाराला कुलूप घातलं,
ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं.
"तेव्हा ना, दार उघडं टाकून बाजारात जायचो,"
असं काहीसं म्हणाली.
फॉर्म तोवर पिशवीत गेला होता.

फिलोमिनानं ईचा ए केला.
अहवाल गेला, चाळीस प्रती, स्पायरल बाइंडिंग.
भाषा निर्दोष आहे, असं वरून कळवलं.

चुकीचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
स्टेपलरच्या खाली.
एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यातला
शेवटचा शब्द खोडला
आणि पूर्णविराम अलीकडे आणला:
बेटर ऑफ देन.
क्रियापद मात्र अजून
वर्तमानकाळातच आहे.
त्याला हात लावायचा
तर दोनशे बारा दारं
पुन्हा वाजवावी लागतील.