एकास दहा

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत
अर्धा तास लेथ माझं असतं.
भूपत डबा उघडतो, मी चकमध्ये पितळ धरतो,
व्हॉल्वच्या कामातून उरलेला तुकडा,
कंपनीच्या हिशेबात भंगार.
चव्वेचाळीस ग्रॅमचं एक कडं,
रिमच्या आत गपचूप बसेल असं.
अशी चार.
“सोन्याची करतोस की काय,” भूपत म्हणतो
आणि लोणच्याची फोड माझ्या पोळीवर ठेवतो.

त्याला कसं सांगू
की लांबी दहाव्या हिश्श्यावर आणली
की वजन हजाराव्या हिश्श्यावर जातं,
आणि हलका ट्रक दगडावर चढताना
उंदरासारखा दिसतो.
वजन खाली हवं, अगदी चाकांत.
मग कॅबिन डुलते ती उशिरा, नाइलाजाने,
भरल्या गाडीची डुलते तशी.

आधी प्लॅस्टिकचे गिअर गेले.
मग शाफ्ट पिळवटला, तो स्टीलचा केला.
स्टीलच्या शाफ्टने अ‍ॅक्सल मोडला.
एक भाग बळकट केला की
शेजारचा कच्चा निघतो, हे लेथवर वीस वर्षं शिकलो होतो,
तरी दर महिन्याला नव्याने कळतं.
शॉकमधलं तेल तीनदा बदललं:
पातळ, तर उड्या मारायचा. जाड, तर ठोकळा.

बाकीचं घरी, रात्री, ऋजुताच्या अभ्यासाच्या टेबलावर.
मीठ शिंपडून वर रंग मारायचा, वाळला की मीठ खरवडायचं,
खाली गंज.
ताडपत्रीला मोडक्या छत्रीचं कापड.
बंपरखाली लिंबू-मिरची:
लिंबू म्हणजे हळदीत भिजवलेला साबुदाणा,
मिरच्या हिरव्या वायरच्या, सात मिलिमीटर, कॅलिपरने मोजून.
ऋजुता म्हणाली, “बाबा, शनिवारी बदलायची का?”
टाकीवर डिझेलचा थेंब पुसला.
वास एकास एकच आला.

डिसेंबरातल्या रविवारी मुंजमहुड्याच्या मागे गेलो.
इथे घळीला कोतर म्हणतात.
विश्वामित्रीने पावसाळ्यात कापलेले कडे, कमरेएवढे,
ट्रकच्या मापाने सह्याद्री.
कडं फिरलं, टायरने माती चावली,
कॅबिन डुलली. उशिरा. नाइलाजाने.
काठावरचा चहावाला म्हणाला, “आ तो साचो लागे छे.”
मी मोबाईल जमिनीला टेकवून शूटिंग करत होतो,
नंतर तिपटीहून जरा जास्त हळू करायचं,
म्हणजे पडणंसुद्धा खऱ्यासारखं पडतं.

आणि तळाशी, पाण्यापासून चार हातांवर, तो रुतला.
विंचची दोरी सुटली पण बांधायला झाड नाही.
मी रिमोट दाबत राहिलो.
चाकं फिरत राहिली, चिखलाचे गोळे उडत राहिले,
ट्रकच्या मापाने प्रत्येक गोळा फुटबॉलएवढा,
त्यामुळे खोटं वाटायला लागलं सगळं.

तेव्हा पलीकडचा ओंडका डोळा उघडून बघू लागला.

मगर.
नऊ फूट असेल. ट्रकच्या मापाने नव्वद.
माझ्या मापाने मात्र नऊच,
आणि खाली उतरायचं होतं मला.

उतरलो. वजन सगळं वर, पोटात, डोक्यात.
चप्पल रुतली, गुडघा डुलला, उशिरा नाही, लगेच.
माझ्या पावलाने ट्रकचा रस्ता
एका ठशात बुडवला.
ट्रक काखेत मारला तेव्हा चाकं अजून फिरत होती
आणि पाण्यावर एक वर्तुळ होतं,
ओंडका नव्हता.

चहावाल्याने काहीच न विचारता कप पुढे केला.

सोमवारी भूपतला व्हिडिओ दाखवला.
त्याने दोनदा बघितला, जवळ धरून.
“ट्रक एकदम अस्सल,” म्हणाला,
“पण मगर तू कुठून आणलीस?
प्लॅस्टिकची वाटते.”

मी चक घट्ट केला.
हात अजून थोडा थरथरत होता,
कडं दोन ग्रॅमने हलकं निघालं.
ट्रकवरचा चिखल धुतलेला नाही.