एकवीस नावांचं गवत

दिवाळी सरली की सड्यावरचं गवत पिकायला लागतं.
आधी पोपटी, मग गव्हाळ, मग असं सोनेरी
की रस्त्यावर गाड्या थांबवून पाहुणे फोटो काढतात.
मला त्यात काडेपेटी दिसते.

आमच्या गडग्यापलीकडची जमीन एकवीस जणांची.
सातबाऱ्यावर नावं पंगतीला बसल्यासारखी ओळीनं:
कोणी डोंबिवलीला, कोणी सुरतेला,
दोघं तर नावापुरतेच उरलेत,
वारसनोंद अजून व्हायचीय.
गवत कापायला मात्र पंगतीतून कोणी उठत नाही.

परवाच्या साली वणवा तिथूनच आला.
भर दुपारी खारा वारा सुटला,
तारेला तार घासली, एवढंच.
आधी तो ऐकू आला,
मांजरेकरांच्या बागेत काजूच्या बिया फुटत होत्या.
मग दिसला.
आम्ही सातजण ओल्या टहाळ्यांनी त्याला झोडपत राहिलो
आणि माझ्या भुवया गेल्या.

घर राहिलं.
आमच्या शौर्यानं नव्हे.
न्हाणीचं पाणी उतरतं तिकडे अळू माजलंय, चार केळी आहेत.
तिथवर येऊन आग
चिखलात पाय पडल्यासारखी थबकली.

तेव्हापासून मी घराभोवती फिरते ती आग होऊन.
मी असते तर कुठून शिरले असते?
पडवीला टेकून रचलेल्या लाकडांतून.
कौलांच्या पन्हळीत साठलेल्या पातेऱ्यातून.
खळ्यावरच्या मांडवाची चुडतं तर
मला हात धरून माजघरात नेतील.
आणि ती काजूची फांदी,
कौलावर कोपर टेकून उभी.

"पाच किलो बी देते ती," रघुवीर म्हणाले.
मी कोयती घेतली.
दोन दिवस जेवण मुक्यानं झालं.
तिसऱ्या दिवशी स्वतःच शिडी लावून
त्यांनी सगळ्या झाडांच्या खालच्या फांद्या
छातीएवढ्या उंचीपर्यंत उतरवल्या.
बोलले काहीच नाहीत.

लाकडं विहिरीपलीकडे गेली.
गडग्याच्या आत दहा पावलं
लाल माती दिसेस्तोवर खरवडली.
पण दहा पावलं ठिणगीला किती?
म्हणून एका सकाळी विळा घेऊन
मी गडगा ओलांडला.

डोंबिवलीहून मोरेश्वरभाऊंचा फोन, त्याच संध्याकाळी.
तब्येत, पाऊसपाणी, काजूचा दर,
आणि शेवटी, ठेवता ठेवता:
"वहिनी, हद्द सरकवायचा विचार नाही ना?"
मी फोटो पाठवला.
जांभ्याचा दगड न् दगड जिथल्या तिथे,
शेवाळसुद्धा हललेलं नाही.
त्यांनी अंगठा पाठवला.
मग विचारलं, गवताच्या पेंढ्या किती झाल्या?

चैत्र लागला. अजून तरी काही पेटलेलं नाही.
खाडीपलीकडे रात्री एक तांबडी रेघ दिसते,
ती डोंगर उतरेपर्यंत मी झोपत नाही.

काल झाडायला गेले तर
टिटवी अंगावर धावून आली.
उघड्या मातीवर चार अंडी, खड्यांसारखी,
माझ्या बाजूला नव्हे, त्यांच्या.
बाविसावं नाव लागलं म्हणायचं.

तेवढी हातभर जागा सोडून
बाकीचा पातेरा मी गोळा केला.
ती ओरडतच होती,
जणू सगळा सडा तिनंच मोजून घेतलाय.