वगळायचे शब्द

आमच्याकडे क्रेनला झुराव म्हणतात,
आणि क्रौंच पक्ष्यालाही झुरावच.
एल्ब्लाँगच्या वॉइनारसाहेबांना हे ठाऊक आहे,
फक्त त्याचे पैसे मोजायचे नाहीत.
त्यांच्या क्रेन भाड्याने जातात : चाळीस टनी, साठ टनी.
जाहिरातीवर बोट पडलं की दोन झ्लोटी चाळीस.

म्हणून दर सोमवारी मी आठवड्याचे शोध पाखडते.
पीस. घरटं. कागदाचा झुराव कसा करायचा.
चौकटीत एकेक शब्द टाकते,
त्याच्यापुढे उणे,
आणि ती माणसं आम्हाला दिसेनाशी होतात.

मार्चमध्ये कुणीतरी येऊ लागलं, पहाटे तीनला.
झुराव पाय मोडला काय करू
झुराव काही खात नाही
झुराव पाय काडी बांधली किती घट्ट
सात वेळा बोट. सोळा झ्लोटी ऐंशी.
"हा कोण, बोग्ना?" साहेबांनी विचारलं.

'खात' टाकला. 'काडी' टाकला.
'पाय'पाशी अडले.
म्हटलं, साहेब, क्रेनलाही पाय असतात,
चार, लोखंडी, चिखलात रुतणारे.
उद्या एखाद्याचा खरंच मोडला तर?
साहेब नुसतं हं म्हणाले.

पुढचा सोमवार कोरा. त्याच्या पुढचाही.
तो थांबला, की मीच दार लावलं, कळेना.
यादी दोनदा वाचली. काही काढलं नाही.

मग एप्रिलात, भर दुपारी :
झुराव पाय टेकतो आता खळ्याचं दार उघडं ठेवू का

दोन झ्लोटी चाळीस.
'कामाचे' या रकान्यात टाकले.