ठीक दिसल्याची वेळ

डॉक्टरीणबाईनं विचारलं,
“शेवटचे ठीक कधी पाहिलेत त्यांना?”
वेरॉय बेटावर डिसेंबरात
सूर्य उगवायचं नावच घेत नाही, आणि मी
चाळीस वर्षं ज्याच्या पाठीला पाठ लावून झोपले
त्याला पाहिलं असं नेमकं कधी म्हणायचं?

रात्री दहाला हालवारनं दिवा मालवला.
सहाला मी हाक मारली, तर
ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळलेला,
तसबीर एकाच खिळ्यावर लोंबावी तसा.
मधल्या वेळात कुणीतरी घरात आलं,
काम उरकलं, गेलं.
कुत्रं भुंकलं नाही.

“चार वाजता,” मी म्हणाले.
“चारला उठला होता, शेगडीत लाकूड सारलं,
वारा फिरलाय म्हणाला.”
बाईनं लिहून घेतलं.
हेलिकॉप्टर अजून माझ्या कानात घरघरत होतं.
मग त्याचं डोकं यंत्रात गेलं, पडद्यावर चित्र आलं,
बाईनं बोटानं दाखवलं: हे गेलं.
आणि त्याच्या भोवतीचं, हे
अजून गेलेलं नाही.
सलाईनच्या नळीतून औषध सुरू झालं.

तीन आठवडे त्याच्याजवळ एकच शब्द होता.
कॉड.
पाण्याला कॉड, नर्सला कॉड, मला कॉड.
रागावला की मोठ्यानं कॉड.
वाचा शिकवणारा सिवेर्त, जेमतेम चोविशीचा,
कार्डं धरायचा समोर: चमचा, खुर्ची, शिडी.
हालवार त्यांच्याकडे बघायचा
दुसऱ्याच्या जाळ्यातल्या मासळीकडे बघावं तसा.
ओळखीची सगळी. हात लावायची सोय नाही.

मी घरून दोरी नेली.
डाव्या हातानं तो गाठ मारी, सोडी, मारी.
उजवा मांडीवर बसलेला,
परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा.
मग अंगठा हलला.
सूर्य परत आला त्याच दिवशी, असं गावात सांगतात.
तसं सांगितलं की गोष्ट गोड होते.
तसं नव्हतं. नंतरच्या एका मंगळवारी, भुरभुरत्या पावसात,
त्याच्या कपातली कॉफी सांडली
आणि ती अडवायला अंगठा धावला. पोचला नाही.
मी पुसलंही नाही कितीतरी वेळ.

आता तो काठी घेऊन धक्क्यापर्यंत जातो.
बोटीत चढत नाही.
बटणं मी लावते, वरचं एक तो लावतो,
तेवढ्यात माझी कॉफी गार होते.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
शेगडीत लाकूड सारलं ती रात्र
तीच होती का?
की आदली?
वारा तर आदल्या दिवशीच फिरला होता,
धक्क्यावरच्या वहीत तसं लिहिलंय.
मी वही मिटून जागेवर ठेवली.

चारला माझी झोप उडते.
अंधारात मी त्याच्या तोंडाशी तळवा धरते,
श्वास लागतो, ऊबदार, कॉफीच्या वासाचा,
तरी हात काढवत नाही.
“वारा?” तो विचारतो, डोळे मिटूनच.
“पश्चिमेचा,” मी सांगते.
“कॉड,” म्हणतो तो, आणि कूस बदलतो.
झोप आता, असं असेल.
किंवा माझं नाव.